डेटिंग साइट फुकट आहे, मग पैसे कोण देतंय?

मागच्या दिवाळीत ओळखीतल्या एका काकांनी मला जिन्यापाशी बाजूला घेतलं आणि फोन पुढे केला. एसटीतून निवृत्त झालेले, काकूंना जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा-सून पुण्यात, आणि संध्याकाळी घरात आवाज म्हणजे फक्त टीव्हीचा. आदल्या रात्री त्यांनी कुठल्याशा फुकटच्या डेटिंग साइटवर नाव नोंदवलं होतं. फोटो टाकला नव्हता. माहितीच्या रकान्यात फक्त वय होतं आणि 'महाराष्ट्र'.

"बघ, दहा मिनिटांत सात जणींचे मेसेज," ते म्हणाले. "साइट खरी दिसतेय, नाही का रे?"

मी मेसेज वाचले. तुमचं प्रोफाइल आवडलं, असं सातही जणींनी लिहिलं होतं. आवडावं असं त्या प्रोफाइलमध्ये काही नव्हतंच. तुम्ही कुठल्या गावचे, असं एकीनंही विचारलं नव्हतं. आणि उत्तर लिहायला घेतलं की पडद्यावर चौकट यायची: आधी नाणी विकत घ्या.

"ही साइट खरी का?" हा प्रश्न मला तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलाय. विशीतल्या मुलांनी विचारलाय आणि घटस्फोटानंतर पुन्हा धीर करून कुणाला तरी भेटू पाहणाऱ्या मैत्रिणीनंही. खरं तर या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. साइट चालवणारी कंपनी खरी आहे का, हा पहिला. त्या साइटवर आपल्याशी बोलणारं माणूस खरं आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचंही 'हो' असेल असं धरून चालल्यामुळे बहुतेक लोक फसतात. आपल्याकडे स्थळ आलं की सूचक मंडळाची चौकशी वेगळी होते आणि मुलाची किंवा मुलीची वेगळी. इथेही तसंच करायचं.

आधी साइट बघू. कुठलीही साइट चालवायला सर्व्हर लागतात, माणसं लागतात, तक्रारी बघणारे लोक लागतात. हा खर्च कुणी तरी करतंच. मोठ्या नावाजलेल्या अॅपांचा हिशेब सरळ असतो. टिंडर, बम्बल, हिंज, ओकेक्युपिड यांवर नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत आणि दोघांनी एकमेकांना पसंत केलं की बोलताही येतं. पैसे लागतात ते जास्तीच्या सोयींना: आपल्याला कुणी पसंत केलंय त्यांचे धूसर केलेले चेहरे स्पष्ट बघायचे असतील, रोजची मर्यादा वाढवून हवी असेल, आपलं प्रोफाइल वर आणायचं असेल. शिवाय जाहिराती असतात. आवडो न आवडो, पैसे कुठून येतात ते इथे दिसतं.

दुसरा धंदा निराळा आहे. तिथे नोंदणी फुकट, पण बोलणं विकत. प्रत्येक मेसेजला नाणी किंवा क्रेडिट मोजावी लागतात. आता ही साइट चालवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमची खऱ्या माणसाशी गाठ पडली, तुम्ही चहाला भेटलात आणि साइट सोडलीत, तर त्याचं नुकसान. तुम्ही रात्रभर मेसेज करत राहिलात आणि भेट कधी झालीच नाही, तर त्याचा फायदा. मग समोर कुणी तरी बोलणारं बसवणं त्याला परवडतं. कधी ते मशीन असतं, कधी पगारावर बसवलेला माणूस, जो एकाच वेळी दहा नावांनी बोलत असतो.

हा माझा नुसता संशय नाही. २०१४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेनं, जेडीआय डेटिंग नावाच्या ब्रिटिश कंपनीला पकडलं. ही कंपनी १८ डेटिंग साइट चालवत होती. फुकट प्रोफाइल बनवलं की लगेच मेसेज येऊ लागत, जणू जवळपासच राहणाऱ्या लोकांकडून. उत्तर द्यायचं तर महिन्याला १० ते ३० डॉलर भरायचे. मेसेज पाठवणारी ती प्रोफाइलं कंपनीनंच बनवलेली होती. त्यांना 'व्हर्च्युअल क्यूपिड' म्हणत आणि त्यांच्यावर 'व्हीसी' अशी दोन बारीक अक्षरं असत, जी कुणाच्या नजरेत भरणार नाहीत. कंपनीला ६,१६,१६५ डॉलर भरावे लागले. काकांच्या फोनवरची चौकट मी पाहिली तेव्हा मला हेच प्रकरण आठवलं. दहा वर्षांत बेत तसूभरही बदललेला नाही.

मोठं नाव असलं म्हणजे सगळं धुतल्या तांदळासारखं, असंही नाही. याच कमिशननं २०१९ मध्ये मॅच ग्रुपवर खटला भरला. टिंडर, हिंज, ओकेक्युपिड ही सगळी याच कंपनीची. आरोप असा होता की मॅच डॉट कॉमवर ज्या खात्यांबद्दल कंपनीला स्वतःलाच फसवणुकीचा संशय होता, त्या खात्यांकडून मेसेज आल्याचे ईमेल फुकट सदस्यांना जात राहिले, आणि कुणी आपल्याला लिहिलंय हे बघायला लोकांनी पैसे भरले. कंपनीनं आरोप नाकारले. खटल्यातला हा भाग न्यायालयानं २०२२ मध्ये बाजूला काढला, कारण दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी साइटवर टाकता येत नाही अशी तरतूद अमेरिकी कायद्यात आहे. सामान्य माणसानं यातून एवढं लक्षात ठेवावं: "कुणाला तरी तुम्ही आवडलात" हा ईमेल आधी जाहिरात असतो, निरोप नंतर.

म्हणून माझी पहिली चाचणी एकदम साधी आहे. नवीन साइटवर रिकामं प्रोफाइल बनवा. फोटो नको, माहिती नको, खरं नावही नको. मग एक दिवस थांबा. खऱ्या साइटवर अशा कोऱ्या प्रोफाइलकडे फारसं कुणी फिरकत नाही. मेसेजचा पाऊस पडला तर समजा की पाऊस पाडणारा साइटचा मालकच आहे. काकांनी नकळत हीच चाचणी करून ठेवली होती.

दुसरी चाचणी जरा कंटाळवाणी आहे, पण पाच मिनिटांची. साइटच्या तळाशी अटी आणि शर्तींचं पान असतं. ते अख्खं वाचत बसू नका, त्यात शब्द शोधा. ही पानं बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून 'फिक्शनल' म्हणजे काल्पनिक, 'एंटरटेनमेंट' म्हणजे करमणूक आणि 'मॉडरेटर' हे शब्द इंग्रजी स्पेलिंगनं शोधा. ही सेवा करमणुकीसाठी असून काही प्रोफाइल काल्पनिक आहेत, प्रत्यक्ष भेट शक्य नाही, असं बऱ्याच साइट तिथे चक्क लिहून ठेवतात. कायद्याच्या कचाट्यातून सुटायला लिहितात आणि कुणी वाचणार नाही या भरवशावर लिहितात. तुम्ही वाचा.

मालक कोण, हेही त्याच पानावर कळायला हवं. आपल्या देशातल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा सेवेला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायला लागतो. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, तक्रारीसाठी नुसता एक जीमेल पत्ता, असं असेल तर पुढे जाऊ नका. साइट कधी सुरू झाली हे 'हू-इज' नावाच्या फुकट सेवेवर साइटचा पत्ता टाकून बघता येतं. 'लाखो जोड्या जमवल्या' म्हणणारी साइट तीन महिन्यांपूर्वी जन्मलेली निघाली, तर उत्तर मिळालंच. आणि पत्त्याच्या डावीकडे कुलूप दिसतं म्हणून साइट सुरक्षित, हा समज कृपा करून सोडा. तुमचा मजकूर वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. ज्याच्याकडे मजकूर पोचतो तो चोर आहे की साव, हे त्याला ठाऊक नसतं.

अॅप कायम प्ले स्टोअर किंवा अॅप स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे स्टोअर टाळून थेट फोनवर अॅप बसवणारी फाइल, उघडू नका, मग पाठवणारं कितीही गोड बोलत असो. आणि डेटिंग अॅपनं तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागितली तर नाही म्हणा. एसएमएसमध्ये बँकेचे ओटीपी येतात. फोनमधल्या नंबरांच्या यादीची परवानगीही सहज देऊ नका. ती यादी चुकीच्या हाती गेली तर काय होतं, ते पुढे येईलच.

खरी साइटसुद्धा तुमची माहिती नीट सांभाळेलच असं नाही, याची सगळ्यात कडू आठवण २०१५ ची आहे. विवाहबाह्य संबंध जुळवून देणाऱ्या अॅशली मॅडिसन या साइटवरची कोट्यवधी लोकांची माहिती हॅकरांनी चोरली आणि सगळ्या जगासमोर टाकली. ही साइट १९ डॉलर घेऊन खातं 'पूर्ण पुसून' द्यायची. पुढे तपासात निघालं की पैसे भरलेल्या लोकांची माहितीही कंपनीनं काही महिने जपून ठेवली होती. आणि पुरुषांना पैसे भरायला लावण्यासाठी बनावट स्त्रियांची प्रोफाइलं तिथेही होतीच. अलीकडचं उदाहरण जुलै २०२५ चं, टी नावाच्या अमेरिकी अॅपचं. डेटवर भेटणाऱ्या पुरुषांबद्दल बायकांनी एकमेकींना सावध करावं, यासाठी ते बनवलं होतं. त्यावरची सुमारे ७२,००० छायाचित्रं बाहेर आली. त्यात सुमारे १३,००० सेल्फी आणि ओळखपत्रांचे फोटो होते, म्हणजे आपण खरी बाई आहोत हे सिद्ध करण्यासाठी बायकांनी विश्वासानं दिलेले. सुरक्षेसाठी घेतलेलीच माहिती फुटली. हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं होतं.

मग करायचं काय? डेटिंगसाठी वेगळा ईमेल ठेवा. इन्स्टाग्रामवर किंवा लिंक्डइनवर असलेला फोटो इथे वापरू नका, कारण फोटोवरून माणूस शोधणं आता चुटकीसरशी होतं. आडनाव, कंपनी, सोसायटी लिहू नका. साधी जोडीदाराची साइट आधारचा फोटो मागत असेल तर तो सहज देऊ नका. ठिकाण दाखवायची सोय बंद ठेवा किंवा धूसर ठेवा. 'तुमच्यापासून २ किलोमीटरवर' हा आकडा निरुपद्रवी वाटतो, पण तीन वेगवेगळ्या जागांवरून असं अंतर मोजलं तर माणसाची जागा नकाशावर काढता येते. टिंडरमधली ही फट २०१४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिली होती. कंपनीनं ती बुजवली. पण २०२४ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना अशाच फटी दुसऱ्या काही नावाजलेल्या अॅपांत सापडल्या.

आता समोरचं माणूस. इथे अॅप कितीही मोठं असलं तरी चौकशी आपल्यालाच करायची आहे. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या जवळपास ७०,००० तक्रारी आल्या आणि त्यात गेलेली रक्कम १३० कोटी डॉलरच्या घरात होती. ही फक्त तक्रार केलेल्यांची रक्कम.

फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. दुसऱ्याच कुणाचा निघाला तर विषय संपला. मात्र कुठेच सापडला नाही म्हणून खरा, असं मानू नका. यंत्रानं बनवलेला चेहरा इंटरनेटवर दुसरीकडे सापडणारच नाही. व्हिडिओ कॉलवर बोला, आणि बोलताना चेहऱ्यावरून हात फिरवायला, मान पूर्ण वळवायला सांगा. चेहरा बदलणारी सॉफ्टवेअर अशा वेळी अडखळतात, निदान आज तरी. पण खरी परीक्षा गप्पांतच होते. नागपूरची म्हणवणारी व्यक्ती मे महिन्यातल्या उन्हाबद्दल काय बोलते? कुठल्या शाळेत होतात, घराजवळचा बाजार कुठला, हे सहज विचारा आणि आठवड्यानं पुन्हा विचारा. खोटं बोलणाऱ्याला सगळं लक्षात ठेवावं लागतं, आणि तो एकट्या तुमच्याशीच बोलत नसतो.

दोन दिवसांत अॅप सोडून व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवर यायची घाई केली तर थांबा. अॅपवर तक्रार झाली की खातं बंद होतं, म्हणून त्यांना तिथून निघायचं असतं. मर्चंट नेव्हीतला अधिकारी, परदेशी सैन्यातला डॉक्टर, तेलविहिरीवरचा इंजिनिअर हे नेहमीचे मुखवटे, कारण या कामांत 'भेटता येत नाही' असं सहज म्हणता येतं. मग भेटवस्तू निघते, ती दिल्ली विमानतळावर अडकते आणि 'कस्टम्स'मधून फोन येतो. भारतीय कस्टम्स कुणाच्याही खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. त्यांच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

याहून घातक प्रकार गुंतवणुकीचा, कारण तिथे कुणी पैसे मागतच नाही. महिनाभर छान ओळख होते. मग सहज विषय निघतो, मी क्रिप्टोत एवढे कमावले, तूही थोडे टाकून बघ. तुम्ही ५,००० टाकता, ६,००० झालेले दिसतात आणि ते काढताही येतात. त्या काढता आलेल्या हजार रुपयांनी विश्वास बसतो आणि मग मुदत ठेव मोडली जाते. पुढची रक्कम काढायला गेलं की आधी 'कर' भरायला सांगतात. हे धंदे मोठ्या प्रमाणावर म्यानमार आणि कंबोडियातल्या बंदिस्त वसाहतींतून चालतात. तिथे गोड मेसेज लिहिणारे कित्येक जण स्वतःच नोकरीच्या खोट्या आमिषानं नेलेले आणि कोंडून ठेवलेले असतात. त्यांत भारतीय तरुणही सापडले आहेत. फसवणारा आणि फसणारा, दोघंही अडकलेले असतात, हे मला त्यातलं सर्वांत भीषण वाटतं.

आणि मुलगेच नव्हे, साठीतले पुरुषही ज्यात अडकतात ते म्हणजे नग्न व्हिडिओ कॉल. अनोळखी बाई कॉलवर कपडे उतरवते, तुम्हालाही सांगते, आणि तिकडे पडदा रेकॉर्ड होत असतो. दहा मिनिटांत व्हिडिओ येतो, सोबत तुमच्या नातेवाइकांची नावं. नंबरांची यादी देऊ नका म्हटलं ते याचसाठी. पैसे दिले तर मागणी वाढते. दुसऱ्या दिवशी स्वतःला पोलीस अधिकारी म्हणवणारा फोन करतो आणि 'प्रकरण मिटवायला' आणखी मागतो. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि मग त्यांचा नंबर ब्लॉक करा. स्टॉपएनसीआयआय ही फुकट सेवा तुमच्याच फोनवर त्या चित्राचा सांकेतिक ठसा बनवते. चित्र फोनबाहेर जात नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, बम्बल असे मंच तो ठसा जुळवून ते चित्र अडवू शकतात.

समलिंगी मित्रांना एक वेगळं सांगायचंय. त्यांना अॅपवरून बोलावून, मारहाण करून लुटलं जातं, आणि ते तक्रार करणार नाहीत यावर लुटारू विसंबून असतात. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. गुन्हेगार ते लुटारू आहेत, तुम्ही नाही.

प्रत्यक्ष भेटायचं ठरलं तर जागा तुम्ही ठरवा. गजबजलेलं, तुमच्या माहितीचं हॉटेल, दिवसाची वेळ, आणि एका मित्राला किंवा बहिणीला पत्ता पाठवलेला. मुंबईत अंधेरीला २०२४ मध्ये उघड झालेला प्रकार आठवतो: मुली डेटवर पुरुषांना ठरावीक क्लबमध्ये नेत, महागडी पेयं मागवत, बिल हजारोंत येई आणि मुलगी निघून जाई. "मला हीच जागा हवी" असा हट्ट दिसला तर जागा बदलून बघा. खऱ्या माणसाला समोरच्या उडप्याकडेही चहा चालतो.

पैसे गेलेच तर १९३० ला फोन करा, लगेच. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही तक्रार करता येते. यूपीआय व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक), वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात असे तासाभरात हलवतात. त्याआधी निरोप पोचला तर बँक ती रक्कम गोठवू शकते. साइटला कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे जोडलं असेल तर तेही रद्द करा. नुसतं अॅप काढून टाकल्यानं हप्ता थांबत नाही.

काकांचे पैसे वाचले. नाणी घ्यायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं. पण त्यांनी मला विचारलं, मुलाला नाही, हे माझ्या मनातून जात नाही. "तो म्हणेल, या वयात कसली थेरं," असं ते म्हणाले. तुमच्या घरात कुणी असं काही सांगायला आलं, बाबा असोत, आत्या असो की कॉलेजातला भाऊ, तर "तिथे गेलासच कशाला" हा प्रश्न मागे ठेवा. आधी विचारा, पैसे पाठवलेत का, आणि किती वाजता.